डांबरातून जांभळा रंग काढणारा १८ वर्षांचा पोरगा आणि तारापूरचं रंगीत पाणी

तुमच्या कपाटातल्या रंगीत कपड्यांचं मूळ शोधत मागं मागं गेलं, तर गाडी लंडनमधल्या एका घराच्या माळ्यावर जाऊन थांबते. साल १८५६. कॉलेजला ईस्टरची सुट्टी लागलेली आणि १८ वर्षांचा एक पोरगा माळ्यावर मलेरियाचं औषध बनवायला बसलेला. औषध काही बनलं नाही. भांड्याच्या तळाशी काळा चिखल उरला. त्या चिखलातून जो जांभळा रंग निघाला, त्यानं जगातला रंगाचा सगळा धंदाच उलटापालटा केला.

या पोराचं नाव विल्यम हेन्री पर्किन.

आता जरा आपल्याकडं या. बोईसर स्टेशनला उतरून तारापूर एमआयडीसीत शिरलं की रंग बनवणारे, रंगासाठी लागणारी रसायनं बनवणारे आणि कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने लागतात. सोबत औषधं आणि पोलादही आहे. इथलं सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत जातं आणि तिथून पाइपलाइननं नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांसह पहिलं आलं. असला पहिला नंबर कुणालाच नको असतो.

रंगाचं पाणी साफ करायला आता कार्बनचे नॅनो पदार्थ वापरता येतील, असं सांगणारे शोधनिबंध ढिगानं निघतायत. हे प्रकरण नेमकं काय आहे, आणि ते अजून नाल्यापर्यंत का पोहोचलं नाही, हे कळायचं असेल तर पर्किनची गोष्ट माहीत असावी लागते.

पर्किनचा जन्म १२ मार्च १८३८ चा, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शॅडवेलचा. गोदी, गोदामं आणि कष्टकऱ्यांची वस्ती. वडील जॉर्ज पर्किन सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात होते. सात भावंडांत विल्यम शेंडेफळ. वडिलांच्या मनात होतं की पोरानं आर्किटेक्ट व्हावं. पण बारा-तेरा वर्षांचा असताना एका मित्रानं त्याला स्फटिक तयार होण्याचे प्रयोग दाखवले आणि गडी तिथंच अडकला. सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये थॉमस हॉल नावाचे मास्तर जेवणाच्या सुट्टीत रसायनशास्त्र शिकवायचे. शाळेच्या वेळापत्रकात या विषयाला दुसरी जागाच नव्हती. विल्यम जेवण सोडून तिथं जाऊन बसायचा.

हॉल मास्तरांनी वडिलांची समजूत काढली आणि १८५३ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, पर्किन रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाला. तिथले प्रमुख होते ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन, जर्मनीहून आलेले नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. हॉफमन यांचा जीव जडला होता डांबरावर.

हे डांबर कुठलं? त्या काळी लंडनचे रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळायचे. हा गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढत. मागं उरायचा तो काळा, चिकट, घाण वासाचा कोलटार. थोडा लाकडाला फासायला जायचा, बाकीचा टाकायचा कुठं हा प्रश्न असायचा. हॉफमन आणि त्यांचे विद्यार्थी त्या घाणीतून एकेक पदार्थ वेगळा काढत बसले होते. त्यातलाच एक बेंझीन. बेंझीनपासून नायट्रोबेंझीन आणि त्यापासून अॅनिलिन बनवता यायचं.

दुसरीकडं क्विनाइनची टंचाई होती. मलेरियावरचं तेव्हाचं एकमेव भरवशाचं औषध दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून यायचं आणि हिंदुस्थानसारख्या वसाहतींत इंग्रजांना ते खंडीनं लागायचं. डांबरातल्या पदार्थांपासून क्विनाइन बनवता येईल, अशी कल्पना हॉफमन यांनी मांडली होती. पर्किननं कागदावर हिशेब केला. अमुक पदार्थाचे दोन रेणू घ्यायचे, ऑक्सिजन घालायचा, पाणी वजा करायचं, की क्विनाइनचं सूत्र बरोबर जुळतं.

सूत्र जुळलं, पण तेव्हा रेणूची आतली मांडणी कुणालाच ठाऊक नव्हती. ‘नव’ आणि ‘वन’ यांची अक्षरं तीच आहेत, शब्द वेगळे. पर्किनच्या हिशेबात हाच घोळ होता. पहिल्या प्रयोगात लालसर तपकिरी भुकटी मिळाली. मग त्यानं म्हटलं, जरा साधा पदार्थ घेऊन बघू. अॅनिलिन घेतलं, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट घातलं. काळाकुट्ट गाळ बसला.

दुसरा कुणी असता तर भांडं घासून टाकलं असतं. पर्किननं गाळ धुतला, वाळवला आणि अल्कोहोलमध्ये घातला. अल्कोहोल जांभळं झालं.

यात नशिबाचा वाटा मोठा होता. त्याचं अॅनिलिन शुद्ध नव्हतं, त्यात टोल्युडिन नावाचे भाऊबंद मिसळलेले होते. हा जांभळा रेणू तयार व्हायला ते दोन्ही लागतात. शुद्ध अॅनिलिन वापरलं असतं तर पर्किनचं नाव आज कुणाला माहीत नसतं.

पण पुढं त्यानं जे केलं, त्यात नशीब नव्हतं. त्यानं रेशमाचा तुकडा त्या द्रावणात बुडवला. रंग चढला. मग तो साबणानं धुतला, उन्हात ठेवून पाहिला. रंग टिकला. त्या काळी जांभळा रंग म्हणजे श्रीमंतांची चैन होती. प्राचीन काळी तो समुद्री गोगलगायींपासून काढत, पर्किनच्या काळात दगडफुलासारख्या वनस्पतींपासून. हे वनस्पतींचे जांभळे बहुतेक उन्हात विटायचे. पर्किनचा विटला नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. साबणानं निघू नये, घामानं निघू नये, उन्हानं उडू नये, हीच चांगल्या रंगाची व्याख्या पर्किनच्या पहिल्या चाचणीपासून ठरून गेली. पुढच्या सगळ्या रसायनशास्त्रज्ञांनी याच परीक्षेत पास होणारे रेणू बनवले. आणि हेच रेणू नाल्यात गेले की तिथंही ऊन, हवा आणि जिवाणूंना दाद देत नाहीत. दुकानात ज्याला आपण पक्का रंग म्हणतो, तोच सांडपाण्यात गेल्यावर डोकेदुखी होतो.

पर्किननं नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पुलर या रंगारी कंपनीला पाठवला. जून १८५६ मध्ये रॉबर्ट पुलरचं उत्तर आलं. त्याचा सारांश असा की माल फार महाग पडणार नसेल तर हा शोध मोलाचा आहे, मात्र सुती कापडावर तो तेवढा नीट बसत नाही. ऑगस्टमध्ये पेटंट घेतलं. १८ वर्षांच्या पोराला पेटंट मिळू शकतं का, यावर आधी कायदेशीर सल्ला घ्यावा लागला.

मग पर्किननं कॉलेज सोडायचं ठरवलं. हॉफमन नाराज झाले. चांगला विद्यार्थी संशोधन सोडून रंगाच्या धंद्यात चाललाय, हे त्यांना पटलं नाही. वडिलांनी मात्र आयुष्यभराची पुंजी पोराच्या पाठीशी लावली, थोरला भाऊ थॉमसही सोबत आला. १८५७ मध्ये लंडनबाहेर ग्रीनफर्ड ग्रीन इथं, ग्रँड जंक्शन कालव्याच्या काठावर, कारखाना उभा राहू लागला.

पर्किनचं खरं कर्तृत्व माळ्यावरच्या त्या बाटलीपेक्षा या कारखान्यात दिसतं. त्याच्या घरातल्या कुणीच तोवर रसायनांचा कारखाना आतून पाहिलेला नव्हता. अॅनिलिन बाजारात मिळतच नव्हतं, प्रयोगशाळेत चमच्यानं बनायचं. ते मणामणानं बनवायचं तर आधी बेंझीन हवं, मग त्यावर तीव्र नायट्रिक आम्ल हवं. पुरेसं तीव्र आम्ल मिळेना, म्हणून चिलीहून येणारा सोरा आणि गंधकाचं आम्ल एकत्र करून काम भागवलं. ही प्रक्रिया स्फोटक. बिडाची मोठी भांडी स्वतः आखून घडवून घ्यावी लागली. इतकं करून हातात येणारा रंग अत्यल्प, बाकी सगळा काळा गाळच. तरी सहा महिन्यांत लंडनच्या एका रेशीम रंगाऱ्याकडं माल रवाना झाला.

सुती कापडाचा प्रश्न उरला होता. सुतावर रंग धरत नव्हता. त्यावर टॅनिनचा तोडगा निघाला. आधी कापडाला टॅनिन द्यायचं, मग रंग. आपल्याकडचे रंगारी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवून हेच कित्येक पिढ्या करत आले होते, पण ते कुणी लंडनला कळवलं नव्हतं. मग पर्किन स्वतः गिरण्या-गिरण्यांत जाऊन रंगाऱ्यांना पद्धत शिकवत फिरला. नवा माल विकायचा तर तो वापरायलाही शिकवावं लागतं, हे या विशीतल्या पोराला कळलं होतं.

आणि नशीबही साथीला होतंच. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिला जांभळा रंग फार आवडायचा. जानेवारी १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया आपल्या लेकीच्या लग्नात याच रंगाच्या पोशाखात मिरवली. झालं, लंडन-पॅरिसमध्ये मॉव्ह रंगाची लाट आली. पंच या साप्ताहिकानं तर या वेडाची गोवराच्या साथीशी तुलना करून टर उडवली. विशीत पर्किन श्रीमंत झाला.

ग्रीनफर्डच्या भागात अजून एक आठवण सांगतात. कारखान्यात ज्या आठवड्यात जो रंग बनत असे, त्या आठवड्यात शेजारच्या कालव्याचं पाणी त्या रंगाचं दिसायचं. बोईसरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज पडत नाही.

पर्किनची वाट दिसल्यावर सगळे त्याच वाटेनं धावले. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये मॅजेन्टा निघाला. तो बनवायला पुढं आर्सेनिक आम्ल वापरू लागले आणि आर्सेनिकचा गाळ कारखान्यांच्या आवारात साचू लागला. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात १८६० च्या दशकात रंगाच्या कारखान्याजवळच्या विहिरीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडली, तपासात आर्सेनिक सापडलं आणि कारखानदाराला कोर्टानं दोषी धरलं. म्हणजे रंगाचा धंदा सुरू होऊन दहा वर्षं होत नाहीत तोच पाण्याची पहिली केस उभी राहिली होती. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाचा कॅन्सर दिसतोय हे नोंदवलं. अॅनिलिनच्या कुळातली काही रसायनं त्याला कारणीभूत असल्याचं पुढं सिद्ध झालं.

हे कूळ आजच्या सांडपाण्यातही महत्त्वाचं आहे. १८५८ मध्ये पीटर ग्रीस यांनी अॅझो रंगांची वाट उघडली आणि आज जगातले निम्म्याहून जास्त कृत्रिम रंग या जातीचे आहेत. कापड रंगवताना सगळा रंग कापडावर बसत नाही, काही भाग धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. सुती कापडावरच्या रिअॅक्टिव्ह रंगांत हे प्रमाण बरंच मोठं असतं. एका लिटर पाण्यात एखादा मिलिग्रॅम रंग असला तरी डोळ्यांना दिसतो. पाण्यात ऊन शिरत नाही, शेवाळ आणि पाणवनस्पतींची वाढ अडते, आणि मग त्यावर जगणाऱ्यांची उपासमार सुरू होते. त्यात अॅझो रंग ऑक्सिजन नसलेल्या गाळात जाऊन बसले की तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात. पाणी रंगहीन दिसतं, पण त्या तुकड्यांत अमाईन असतात, आणि त्यातली काही रेन यांनी पाहिलेल्या कुळातली. म्हणून पाणी नितळ दिसलं की साफ झालं, असं मानणं धोक्याचं.

पर्किन मात्र या काळात दुसऱ्या लढाईत होता. मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंग म्हणजे अॅलिझरिन. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मनांनी तो प्रयोगशाळेत बनवला, पण त्यांची पद्धत महागडी होती. पर्किननं स्वस्त पद्धत शोधली आणि जून १८६९ मध्ये पेटंटचा अर्ज केला. बीएएसएफ या जर्मन कंपनीचा तशाच पद्धतीचा अर्ज त्याच्या एक दिवस आधी पोहोचला होता. एका दिवसानं बाजी गेली असं वाटत असतानाच दोघांनी समजुतीनं बाजार वाटून घेतला. पर्किनच्या कारखान्यानं १८६९ मध्ये एक टन अॅलिझरिन बनवलं, १८७० मध्ये ४० टन आणि १८७१ मध्ये २२० टन.

या टनांचा फटका थेट आपल्या शेतापर्यंत आला. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात आल नावाच्या झाडाची लागवड व्हायची. त्याच्या मुळांतून खारव्याचा लाल रंग काढत. स्वस्त अॅलिझरिन बाजारात आलं आणि आलीची शेती मोडली. पुढं १८९७ मध्ये बीएएसएफनं कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारच्या निळीचा धंदा कोसळू लागला. चंपारणमधल्या ज्या शेतकऱ्यांसाठी गांधीजी १९१७ मध्ये तिथं गेले, त्यांच्या हालांमागं हीसुद्धा एक कडी होती.

जो रंग जर्मनी-इंग्लंडहून डब्यांत यायचा, तो वापरायला आपल्याकडच्या लोकांनी शिकून घेतलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथं प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी रंगकामाचं शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू केलं. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये सुरू झाला तो कापडाच्या रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम घेऊनच. मुंबई गिरण्यांचं शहर होतं, रंगाला गिऱ्हाईक दारातच. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, कारखान्यांना मुंबईबाहेर जागा मिळू लागली आणि रेल्वेला, महामार्गाला, मुंबईला जवळ असलेलं बोईसर-तारापूर त्यात भरत गेलं. ग्रीनफर्डपासून नवापूरपर्यंतचा रस्ता हा असा आहे.

१८७४ मध्ये पर्किननं कारखाना विकून टाकला. वय ३६. जर्मन कंपन्यांनी संशोधकांची फौज उभी केली होती, त्यांच्याशी टक्कर द्यायला इंग्लंडमध्ये तशी माणसं मिळेनात. शिवाय पैसा पुरेसा झाला होता. त्यानं घराशेजारी प्रयोगशाळा थाटली आणि १८ व्या वर्षी सोडलेलं संशोधन पुन्हा हातात घेतलं. हॉफमन यांची भीती खोटी ठरली. ताज्या गवताचा वास देणारं कुमारिन त्यानं १८६८ मध्येच बनवलं होतं, त्यातून कृत्रिम सुगंधांच्या धंद्याला पाया मिळाला. त्याच्या नावाची पर्किन अभिक्रिया आजही रसायनशास्त्राच्या पुस्तकात असते. माणूस शांत, धार्मिक, उत्तरायुष्यात शाकाहारी. पहिली बायको लग्नानंतर तीन वर्षांत गेली, नंतर दुसरं लग्न झालं. तिन्ही मुलगे रसायनशास्त्रज्ञ निघाले. त्यातला आर्थर जॉर्ज पर्किन याचं नाव झालं ते वनस्पतीजन्य नैसर्गिक रंगांच्या अभ्यासासाठी. बापानं ज्यांचा बाजार उठवला, त्यांचीच नोंद पोरानं करून ठेवली.

१९०६ मध्ये शोधाला ५० वर्षं झाली. पर्किनला सर किताब मिळाला, अमेरिकेत सत्कार झाला, न्यूयॉर्कच्या मेजवानीला पाहुणे जांभळे टाय लावून आले. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९०७ रोजी, तो वारला. आपल्या जांभळ्या रेणूची नेमकी रचना काय आहे, हे त्याला शेवटपर्यंत पक्कं कळलं नाही. जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांची तपासणी होऊन ती नीट उलगडली १९९४ मध्ये. तो एक रेणू नसून एकसारख्या रेणूंचं मिश्रण निघालं. हे रेणू सपाट कड्यांचे आहेत आणि त्यांच्यावर धन प्रभार असतो.

सपाट कडी आणि धन प्रभार. कार्बनचे नॅनो पदार्थ रंग पकडतात ते याच दोन गोष्टींच्या जोरावर.

कोळशानं रंग जातो हे जुनं ज्ञान आहे. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ यांनी कोळशाच्या भुकटीनं द्रावणांचा रंग उडतो हे दाखवलं. साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरत. आजच्या घरगुती फिल्टरमध्ये नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा असतो. यात रंग जळत नाही की विरघळत नाही, तो कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. त्यामुळं सगळा खेळ पृष्ठभागाचा. जितकी जागा जास्त, तितका रंग जास्त.

विसाव्या शतकाच्या शेवटी कार्बनचे नवे अवतार हाती आले. १९८५ मध्ये फुटबॉलच्या आकाराचा ६० अणूंचा रेणू, १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी दाखवलेल्या नॅनोनळ्या, २००४ मध्ये ग्रॅफीन, म्हणजे एका अणूच्या जाडीची कार्बनची जाळी. एक ग्रॅम ग्रॅफीन पूर्ण उलगडून पसरलं तर हिशेबानं २,६३० चौरस मीटर जागा भरते. कबड्डीची २० मैदानं झाली की. ग्रॅफीनची जाळी षटकोनी कड्यांची, रंगाचे रेणूही सपाट कड्यांचे. ताटावर ताट ठेवावं तसे ते एकमेकांवर बसतात. ग्रॅफीनला ऑक्सिजनचे गट जोडले की ग्रॅफीन ऑक्साइड होतं, त्यावर ऋण प्रभार येतो आणि धन प्रभाराचे रंग आपोआप ओढले जातात. प्रयोगशाळेत एक ग्रॅम ग्रॅफीन ऑक्साइड काहीशे मिलिग्रॅम रंग धरतं. पर्किनचा मॉव्हसुद्धा या सापळ्यात सापडावा असाच आहे.

मग तारापूरला हे उद्याच का लावत नाहीत?

पहिली अडचण, बहुतेक प्रयोग मिथिलीन ब्लू नावाच्या एकाच धन प्रभाराच्या रंगावर, शुद्ध पाण्यात होतात. कापड कारखान्यांतले रिअॅक्टिव्ह रंग ऋण प्रभाराचे. ग्रॅफीन ऑक्साइड त्यांना जवळ करण्याऐवजी दूर ढकलतं. त्यासाठी कार्बनवर दुसरा लेप द्यावा लागतो. त्यातला एक लेप म्हणजे कायटोसॅन, जो कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून काढतात. सातपाटी-नवापूरच्या किनाऱ्याला हा कच्चा माल नवा नाही, एवढं नोंदवून ठेवायला हरकत नाही. शिवाय खऱ्या सांडपाण्यात मीठ, साबण, औषध कारखान्यांची द्रावणं असं सगळं कालवलेलं असतं आणि ते सगळेच त्या कबड्डीच्या मैदानावर जागा अडवतात.

दुसरी अडचण थेट ग्रीनफर्डची. तारापूरचं जुनं सामूहिक केंद्र दिवसाला २५ दशलक्ष लिटर क्षमतेचं होतं, नंतर ५० दशलक्ष लिटरचं नवं केंद्र आलं. आपण लहान आकडा धरू. समजा लिटरमागं ५० मिलिग्रॅम रंग आहे, तर २५ दशलक्ष लिटरमध्ये दिवसाला १,२५० किलो रंग झाला. एक ग्रॅम कार्बननं पाव ग्रॅम रंग धरला असं मानलं, तर रोज पाच टन नॅनोकार्बन लागेल. रोज पाच टन. एकसारख्या दर्जाचं, परवडणाऱ्या भावात. पर्किनला चमच्यातलं अॅनिलिन मणांवर न्यायचं होतं, इथं ग्रॅमवरून टनावर जायचंय, तेही विकून पैसे मिळणाऱ्या मालासाठी नाही, समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी. राणीचा पोशाख इथं मदतीला येणार नाही. म्हणून आज या कार्बनचा विचार सगळ्या पाण्यासाठी करण्यापेक्षा एखाद्या रंग कारखान्याच्या आतच, पाणी इतर घाणीत मिसळण्याआधी, शेवटची गाळणी म्हणून करणं जास्त शहाणपणाचं दिसतं. स्वस्त करवंटीचा कोळसा आधी आणि महागडा नॅनोकार्बन उरलेल्या रंगापुरता, हाही मार्ग आहे.

तिसरी अडचण, हे कण इतके बारीक की पाण्यातून परत काढणं जिकिरीचं. माणसाच्या केसाच्या हजारो पट बारीक नळ्या पाण्याबरोबर समुद्रात गेल्या तर एक घाण काढून दुसरी घातल्यासारखं होईल. म्हणून काही संशोधक त्यात लोहाचे चुंबकीय ऑक्साइड मिसळतात, म्हणजे लोहचुंबकानं ओढून घेता येतं. काही जण त्याला मण्यांत किंवा पडद्यात बांधून टाकतात.

आणि हे सगळं होईपर्यंत थांबायला कोळीवाड्यांकडं वेळ नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं २०१६ मध्ये तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादानं कारखाने आणि सामूहिक केंद्रावर कोट्यवधी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली. या लढाईत नॅनोकार्बनचा विषय नव्हता. परवानगीपेक्षा जास्त पाणी सोडू नका आणि आहेत ती यंत्रं नीट चालवा, इतकी साधी ती मागणी होती. जुन्या पद्धती नीट चालत नसतील तर त्यांच्या टोकाला जगातला सगळ्यात भारी कार्बन बसवूनही तो दोन दिवसांत गाळानं बुजेल.

रंगानं भरलेल्या कार्बनचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी उरतोच. तो जाळता येतो, घातक कचऱ्याच्या खड्ड्यात पुरता येतो, नाहीतर धुऊन पुन्हा वापरता येतो. प्रयोगशाळेत धुण्यासाठी बऱ्याचदा अल्कोहोल घेतात. काळी भुकटी अल्कोहोलमध्ये ढवळली की रंग सुटतो आणि अल्कोहोल रंगीत होतं, १८५६ मध्ये त्या माळ्यावर झालं तसंच. पर्किनला त्या बाटलीचं गिऱ्हाईक पर्थमध्ये सापडलं. तारापूरच्या बाटलीतल्या मिश्र रंगाला गिऱ्हाईक नाही, त्यामुळं तो रंग कुठं आणि कुणाच्या खर्चानं जाणार, हे कार्बन विकत घेण्याआधी ठरवावं लागेल.